शब्दाच्या पोटात शब्द: परिभाषा-कोशाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

अलंकार-परिभाषेच्या कोशातला तिसरा गट आजपासून हातात घेतला. एका शब्दाच्या किंवा पदसमूहाच्या मधोमध दुसरा शब्द घालणं, या क्रियेची नावं. ग्रीक-लॅटिन परंपरेतून आलेली ट्मेसिस, डायाकोपी, पॅरेन्थेसिस. भाषाशास्त्रातून आलेली इन्फिक्स आणि एपेन्थेसिस. जुन्या कच्च्या यादीत या सगळ्यांसमोर 'मध्यनिवेश' एवढा एकच शब्द लिहून ठेवलेला आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्याचा उपयोगही नाही. शब्दात एक स्वर शिरणं आणि वाक्यात अख्खं वाक्य शिरणं यांना एकच नाव दिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार?

ठरवलं ते असं: आधी उदाहरणं गोळा करायची, नाव नंतर. प्रत्येक उदाहरणाला दोन प्रश्न विचारायचे. आत काय गेलं? आणि शब्द कुठे कापला गेला?

५ जून

ट्मेसिस. ग्रीकमध्ये अर्थ सरळ 'कापणं'. लॅटिनमधून दोन उदाहरणं पक्की केली, दोन्ही व्हर्जिल या रोमन कवीची.

पहिलं: 'क्वाए मे कुम्क्वे वोकांत तेर्राए'. ज्या कुठल्या भूमी मला बोलावतील त्या. 'ज्या कुठल्या' यासाठी लॅटिनमध्ये 'क्वाएकुम्क्वे' असा एकसंध शब्द आहे. त्याचे दोन तुकडे करून मध्ये 'मे', म्हणजे 'मला', बसवलं आहे. मराठी वाचकाला यात धक्का बसणार नाही, कारण आपल्याकडे 'ज्या कुठल्या' मुळातच सुटं आहे. कोशात हे उदाहरण पहिलं ठेवायचं नाही.

दुसरं जास्त बोलकं आहे. उत्तर दिशेला लॅटिनमध्ये 'सेप्टेंट्रिओ' म्हणतात. मुळात 'सेप्टेम त्रिओनेस', म्हणजे नांगराचे सात बैल, म्हणजेच आपले सप्तर्षी. व्हर्जिल लिहितो 'सेप्टेम सुबिएक्ता त्रिओनी'. सुबिएक्ता म्हणजे खाली वसलेली. उत्तरेच्या ताऱ्यांखाली राहणारी माणसं सांगताना 'खाली वसलेली' हा शब्द त्या ताऱ्यांच्या नावाच्या आतच ठेवला. मराठीत करून पाहिलं: 'सप्त-तळी-वसलेले-ऋषींच्या'. वाचताना अडखळायला होतं, पण चित्र डोळ्यांसमोर येतं.

एनिअस या जुन्या रोमन कवीच्या नावावर सांगितली जाणारी एक ओळही टिपून ठेवली: 'साक्सो केरे कोम्मिनुइत ब्रुम'. दगडाने मेंदू फोडला. 'केरेब्रुम' म्हणजे मेंदू, आणि 'फोडला' हे क्रियापद त्या शब्दाच्या मधोमध आदळलं आहे. 'में-फोडला-दू'. इथे शब्दाला सांधा नाही, 'केरे' आणि 'ब्रुम' यांना वेगवेगळा अर्थ नाही. ही ओळ व्हर्जिलच्या ओळींबरोबर ठेवायची की वेगळी, हे आज ठरलं नाही.

९ जून

आजचा दिवस फार चांगला गेला.

संस्कृतमध्ये असं काही आहे का, हा प्रश्न घेऊन बाईंकडे गेलो होतो. त्यांनी पोथी न उघडताच एक चरण म्हटला: 'शुनश्चिच्छेपं निदितं सहस्राद् यूपादमुञ्चः'. ऋग्वेद ५.२.७. यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधलेल्या शुनःशेपाला तू सोडवलंस, असं अग्नीला म्हटलं आहे. "नाव शोध," म्हणाल्या. मला सापडेना. मग त्यांनीच सावकाश फोड केली: शुनः, चित्, शेपम्. माणसाचं नाव मध्ये चिरलं आहे आणि त्यात 'चित्' हा जोर देणारा निपात बसला आहे. आपल्या 'सुद्धा'सारखा.

त्यातही एक गंमत आहे, आणि ती नोंदवायलाच हवी. आत आलेला 'चित्' दोन्ही काठांना रंग लावतो. त्याच्यामुळे 'शुनः'चा विसर्ग 'श्' झाला आणि त्याच्या शेजारामुळे 'शेपम्'चा 'श' 'छ' झाला. मोडलेलं नाव पुन्हा जोडायचं तर दोन संधी सोडवाव्या लागतात. म्हणून मला ते ऐकू आलं नाही.

मग आणखी निघत गेली. 'नराशंस' या नावाचं 'नरा च शंसम्' (९.८६.४२) आणि 'नरा वा शंसम्' (१०.६४.३). 'द्यावापृथिवी'चं 'द्यावा चिदस्मै पृथिवी नमेते' (२.१२.१३), आकाश आणि पृथ्वी त्याच्यापुढे वाकतात, आणि या दोघींच्या मध्ये 'चित्' आणि 'अस्मै' असे दोन शब्द उभे आहेत.

घरी येऊन स्वरांकित पाठ काढून बघत बसलो. शुनःशेप, नराशंस, द्यावापृथिवी: या तिन्ही समासांवर दोन-दोन उदात्त, म्हणजे उंच उच्चारलेले स्वर, आहेत. साधारण समासाला एकच उदात्त असतो. म्हणजे जे समास उच्चारात अजून पुरते एकजीव झालेले नाहीत, ज्यांचे दोन्ही अवयव आपापला स्वर सांभाळून आहेत, तेच ऋषींनी उघडले. सुरी हवी तिथे फिरवलेली नाही, जिथे शिवण होती तिथेच उसवलं आहे. तीन उदाहरणांवरून नियम काढायचा नाही हे कळतं, पण ५ तारखेच्या प्रश्नाला दिशा मिळाली.

१० जून

पाणिनी. उपसर्गांबद्दल लागोपाठ तीन सूत्रं. 'ते प्राग्धातोः' (१.४.८०): ते धातूच्या आधी येतात. 'छन्दसि परेऽपि' (१.४.८१): वेदात नंतरही. 'व्यवहिताश्च' (१.४.८२): आणि मध्ये दुसरं काही येऊन दुरावलेलेही.

'व्यवहित' हा शब्द हवा होता तसा मिळाला. व्यवधान म्हणजे मध्ये येणं, आड येणं. मराठी वाचकाला तो परका नाही. 'व्यवधान' आपण बोलताना वापरतोच.

उदाहरण ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातलं घेतलं (१.१.७): 'उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम्। नमो भरन्त एमसि॥' 'उप' अगदी पहिलं पद, आणि ज्या क्रियापदाचा तो उपसर्ग ते 'एमसि' अगदी शेवटचं. जवळ येतो आम्ही, असं म्हणायचं आहे. अग्नी, रोजचा दिवस, आमची बुद्धी, आमचं नमन, सगळं त्या दोन तुकड्यांच्या मध्ये मावलं आहे.

१४ जून

पुन्हा बाईंकडे. मी म्हटलं, वेदातलं झालं, पण अभिजात संस्कृतात तर पाणिनीने ही वाट बंदच केली ना? त्या हसल्या आणि रघुवंशाचा नववा सर्ग काढायला सांगितला. दशरथाची शिकार.

'निर्भिद्य विग्रहमशोणितलिप्तपुङ्खस्तं पातयां प्रथममास पपात पश्चात्।'

दशरथाने रानरेड्याच्या डोळ्यात बाण मारला. तो बाण शरीर भेदून पलीकडे गेला, इतक्या वेगाने की पिसाऱ्याला रक्तही लागलं नाही. त्याने आधी रेड्याला पाडलं आणि मग स्वतः पडला. 'पाडलं' याचं रूप 'पातयामास'. व्याकरणाच्या दृष्टीने हे एक पद आहे: 'पातयाम्' आणि त्याला चिकटलेला 'आस'. 'कृञ्चानुप्रयुज्यते लिटि' (३.१.४०) या सूत्रातल्या 'अनु'चा अर्थ वैयाकरण असा घेतात की हा दुसरा भाग लगेच यायला हवा, मध्ये काहीही चालणार नाही. कालिदासाने मध्ये 'प्रथमम्' घातलं. पातयां प्रथमम् आस.

हा छंदासाठी केलेला नाइलाज आहे असं म्हणून पुढे जाता येतं. मला ते पटत नाही. श्लोकात काय चाललं आहे ते पाहावं. बाण एका देहात शिरून आरपार जातो. त्याच क्षणी 'प्रथमम्' हा शब्द एका क्रियापदाच्या देहात शिरून आरपार जातो. आणि शिरणारा शब्द कोणता, तर 'आधी'. पाडण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत, 'आस' उच्चारलं जायच्या आत, 'आधी' येऊन पोचतो. ओळीचा वेग बाणाचा वेग आहे. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढचं 'पपात पश्चात्' बघ. ते अख्खं आहे. रेडा मोडतो, बाण मोडत नाही." हे मला सुचलं नसतं.

तेराव्या सर्गातलंही त्यांनीच दिलं: 'प्रभ्रंशयां यो नहुषं चकार'. अगस्त्याने नुसती भुवई वाकडी करून नहुषाला इंद्रपदावरून खाली आणलं. 'प्रभ्रंशयांचकार' हे क्रियापद फोडून मध्ये 'यो नहुषं'. पाडणारा आणि पडणारा, दोघेही पाडण्याच्या क्रियेच्या आत.

परत येताना एनिअसची ओळ आठवली. दगड आणि मेंदू, बाण आणि रेडा. दोन वेगळ्या भाषांतल्या दोन ओळी, आणि दोन्हींत देह फुटतो तिथेच शब्द फुटतो. फरक एवढाच की लॅटिन ओळीत शब्द सांध्यावर फुटत नाही, आणि कालिदासाने सांधा सोडला नाही; 'पातयाम्' आणि 'आस' यांच्या मधली फट व्याकरणाने बुजवली होती, पण ती होतीच.

१५ जून

कालची नोंद कोशात या लांबीने जाणार नाही. तरीही ती इथे आहे तशीच राहू द्यायची.

१९ जून

इन्फिक्स. इथे आत जाणारी गोष्ट शब्द नसते, प्रत्यय असतो, आणि तो एकटा कधीच उभा राहत नाही. फिलिपीन्समधल्या टागालोग भाषेत 'सुलात' हा लिहिण्याचा धातू. कर्त्यावर भर असेल तर 'सुमुलात', कर्मावर भर असेल तर 'सिनुलात'. 'उम' आणि 'इन' पहिल्या व्यंजनानंतर आत शिरतात. शब्द स्वरानेच सुरू होत असेल तर त्यांना शिरायला व्यंजन उरत नाही, मग ते सुरुवातीला बसतात: 'आलिस'चं 'उमालिस'. यात कवीची इच्छा कुठेच येत नाही, हा नियम आहे.

संस्कृतात रुधादिगणातल्या धातूंच्या आत जाणारा 'न', पाणिनीचा 'श्नम्' (३.१.७८): युज्‌चं युनक्ति, भिद्‌चं भिनत्ति, छिद्‌चं छिनत्ति. 'मिदचोऽन्त्यात्परः' (१.१.४७) सांगतं की ज्याला 'म्' हा इत्, म्हणजे नुसती खूण म्हणून जोडलेलं अक्षर, लागला आहे तो शेवटच्या स्वरानंतर बसवायचा. शब्दाच्या आत नेमक्या कुठल्या जागी घालायचं याचा पत्ता चार पदांत.

मराठीत असं काही नाही, असं सकाळी लिहून ठेवलं होतं. दुपारी ते खोडलं. 'शे मुचादीनाम्' (७.१.५९) या सूत्राने आठ धातूंच्या आत 'न्' येतो, त्यात लिप् आणि सिच् आहेत. लिप्‌पासून 'लेप', आणि आत 'न्' घेऊन 'लिम्पति'. आपण आजही 'लेप' लावतो आणि भिंत 'लिंपतो'. तो अनुस्वार म्हणजे धातूच्या पोटात घातलेला तोच 'न्'. सिच्‌पासून 'अभिषेक' बिन-अनुस्वाराचा, आणि 'सिंचन' अनुस्वारासह. विद् म्हणजे मिळवणं; त्याचं 'विन्दति', आणि त्यातून 'गोविंद'. अंतःप्रत्यय मराठीत जिवंत नाही, नवा शब्द त्याने घडत नाही. पण गोठलेल्या रूपात तो रोज आपल्या तोंडी आहे.

इन्फिक्ससाठी 'अंतःप्रत्यय' रूढ आहे. तोच ठेवला.

२२ जून

वरच्याला जोडून छोटी भर. अरबीत धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर 'त' घालून नवी क्रियापदं होतात. फारसीच्या वाटेने त्यातली काही नामं आपल्यापर्यंत आली. 'मशहूर'मधली श-ह-र ही व्यंजनं घ्या, 'श'नंतर 'त' घाला: इश्तिहार. 'नजर'मधल्या न-ज-र मध्ये 'न'नंतर 'त': इंतजार. 'अखत्यार'मध्येही तोच 'त', आणि 'त' काढला की उरतात ती 'खैर'ची व्यंजनं. निवडीचा अधिकार आणि चांगलं ते, दोन्ही एकाच धातूचे. 'अखत्यारीत' हा शब्द मी इतकी वर्षं लिहितो आहे, त्याच्या आत काय आहे ते आज पाहिलं.

२६ जून

इंग्रजीतली जोरासाठीची घुसखोरी. 'ॲब्सो-ब्लडी-लूटली', 'फॅन-ब्लडी-टॅस्टिक'. याला पुष्कळ ठिकाणी ट्मेसिस म्हटलेलं आढळतं, काही ठिकाणी इन्फिक्स.

इन्फिक्स म्हणायला माझी हरकत आहे, कारण आत गेलेला 'ब्लडी' हा बाहेर स्वतंत्रपणे वावरणारा शब्द आहे आणि त्याने व्याकरणात काहीच बदल होत नाही. बदलतो तो बोलणाऱ्याचा आवेश. पण जागेचा नियम मात्र काटेकोर आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९८२ साली यावर लेख लिहिला. घुसणारा शब्द अक्षरगणांच्या सीमेवर बसतो, सहसा जोर पडणाऱ्या अक्षराच्या लगेच आधी, असं त्यातून दिसतं. म्हणून 'ॲब-ब्लडी-सोलूटली' कुणी म्हणत नाही. शिकवलेलं नसताना बोलणाऱ्या प्रत्येकाला ती जागा माहीत असते.

म्हणजे शिवण दोन प्रकारची असते. एक अर्थाची, शुनःशेपासारखी. दुसरी लयीची: 'ॲब्सो' आणि 'लूटली' यांना अर्थ नाही, पण ठेका आहे. मग 'केरे-ब्रुम' तरी पूर्ण बेशिवण आहे का? तिथेही तुकडा अक्षराच्या काठावरच पडला आहे. ५ तारखेला लिहिलेलं 'सांधा नाही' हे वाक्य अर्धवट होतं.

३० जून

मराठीचं स्वतःचं उदाहरण नसेल तर नोंद अपुरी वाटते. तीन दिवस 'च' आणि 'ही' यांच्या मागे आहे. पद्धत साधी: वाक्य मोठ्याने म्हणायचं, घरातल्या दोघांना म्हणायला लावायचं, अडखळलं की खूण करायची.

'तुझ्यामुळेच' म्हणतात, 'तुझ्याचमुळे' पण म्हणतात. 'त्याच्यासारखाच', 'त्याच्याचसारखा'. 'कोणापेक्षाही', 'कोणाहीपेक्षा'. म्हणजे शब्दयोगी अव्यय आणि त्याचं नाम-सर्वनाम यांच्या मध्ये 'च' आणि 'ही' शिरू शकतात. आपण ते एकत्र लिहितो, एक शब्द मानतो, आणि बोलताना सहज उघडतो.

आता विभक्ती. 'तुलाच' होतं, 'तुचला' कुणाच्या तोंडून येणार नाही. 'घरातच' होतं, 'घराचत' नाही. 'कोणालाही' होतं, 'कोणाहीला' नाही. प्रत्यय आणि नाम यांच्या मध्ये वाराही शिरत नाही.

का? शब्दयोगी अव्ययं बहुतेक पूर्वीचे सुटे शब्द, मागाहून येऊन चिकटलेले. चिकटवल्याची रेघ अजून आहे आणि 'च' ती शोधून काढतो. विभक्तिप्रत्ययही कधीकाळी सुटे असतील, पण ते आता हाडात मुरले आहेत. तरी सगळी शब्दयोगी अव्ययं उघडत नाहीत. 'रामाच्याचसाठी' चालतं, 'रामाचसाठी' नाही. 'घरापर्यंतच' चालतं, 'घराचपर्यंत' म्हणताना जीभ अडते. 'माझ्या', 'त्याच्या', 'रामाच्या' ही रूपं एरवीही एकटी उभी राहतात ('त्याच्याच घरी'), म्हणून 'च' त्यांच्यावर टेकू शकतो. 'घरा' हे नुसतं सामान्यरूप एकटं उभं राहत नाही. 'कोणा'चंही तसंच, 'कोणाही माणसाला' हे आहेच.

आणि मग 'दोन्ही'. हे उलट दिशेने गेलेलं उदाहरण आहे. 'दोन्हींना', 'दोन्हींचा', 'तिन्हींना': इथे 'ही' आत आहे आणि प्रत्यय बाहेर! 'कोणाहीला' होत नाही असं म्हटलं, मग हे कसं? कारण 'दोन्ही'मधला 'ही' आता पाहुणा राहिलेला नाही, घरचा झाला. दोन+ही असं कुणाला आठवतही नाही. मध्ये आलेला शब्द पुरेसा काळ मध्ये राहिला की तोच शब्दाचा भाग होतो.

याला ट्मेसिस म्हणावं का? वेदातल्या 'चित्'पेक्षा 'तुझ्याचमुळे'मधला 'च' मला वेगळा वाटत नाही. दोन्ही जोर देणारे निपात, दोन्ही सैल सांध्यात. मी म्हणणार.

४ जुलै

उरलेल्या नोंदी एका बैठकीत.

शब्दात आवाज शिरणं. एपेन्थेसिस. स्वर शिरला तर त्याला 'स्वरभक्ती' हे जुनं नाव आहेच: जन्म-जनम, रत्न-रतन, मंत्र-मंतर, यत्न-जतन. व्यंजन शिरलं तर 'वर्णागम'. ताम्र ते तांबे: 'म'वरून 'र'वर जाताना ओठ उघडण्याच्या क्षणी 'ब' वाजतो, मग 'र' गळतो आणि पाहुणा 'ब' मागे राहतो. हे कुणी जोरासाठी किंवा सौंदर्यासाठी केलेलं नाही, तोंडाच्या सोयीने झालं. म्हणून ते अलंकारांच्या भागात नको, शेवटी वेगळ्या ओळीत.

वाक्यात वाक्य शिरणं. पॅरेन्थेसिस. मम्मटाने काव्यप्रकाशात वाक्यदोषांमध्ये 'गर्भित' सांगितला आहे: एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य. शेजारीच 'संकीर्ण', एका वाक्याची पदं दुसऱ्यात मिसळणं. म्हणजे पश्चिमेत जो अलंकार मोजला, तो इथे दोष मोजला. 'गर्भवाक्य' हा शब्द घेतला आणि दोषाची बाजू टीपेत न टाकता व्याख्येतच लिहिली. वाचताना श्वास कुठे तुटतो हे मम्मटाला पक्कं माहीत होतं, ते गमवायचं नाही.

डायाकोपी. याचाही अर्थ 'आरपार कापणं', आणि जुन्या याद्यांत तो ट्मेसिसचं दुसरं नाव म्हणूनही येतो. आज मात्र एकच शब्द दोनदा आणि मध्ये काहीतरी, या अर्थाने चालतो. 'सांतर पुनरुक्ती' लिहिलं.

८ जुलै

ट्मेसिससमोर 'पदव्यवधान' लिहिलं. त्याखाली दोन पोटभेद: 'सांध्यावरचं' (शुनश्चिच्छेपम्, पातयां प्रथममास, तुझ्याचमुळे) आणि 'लयीवरचं' (केरे-कोम्मिनुइत-ब्रुम, ॲब्सो-ब्लडी-लूटली). 'शब्दच्छेद' हा शब्दही मनात होता. तो सोडला, कारण त्यात फक्त कापणं दिसतं, आत काय आलं ते दिसत नाही.

बाईंना मसुदा वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: 'तुझ्याचमुळे' हे उदाहरण यादीत शेवटी ठेवलं होतंस, ते पहिलं घे, वाचणाऱ्याला आधी स्वतःच्या तोंडातलं ऐकू येऊ दे, मग वेद. क्रम बदलला. व्याख्या पुन्हा लिहावी लागली, कारण ती शुनःशेपापासून सुरू होत होती.

बाकी: 'सांतर पुनरुक्ती'साठी मराठी उदाहरणं निवडायची आहेत. कधी ना कधी, कोणी ना कोणी, एक ना एक. यातल्या 'ना'ला नकार म्हणायचं की नुसता सांधा, हे उद्या बघतो.